सतराव्या खणाचे दोन ठोके

४ नोव्हेंबर १९३५, सोमवार. कळस

आले एकदाची. दौंडला गाडी बदलून बारामतीच्या लहान गाडीत बसले. ती इतकी सावकाश चालते की मध्येच उतरून बोरे वेचावीत आणि पुन्हा चढावे. बारामतीला कंपनीची दमणी घ्यायला आली होती. गाडीवान सोपान वाटभर बैलांशी बोलला, माझ्याशी नाही. पुण्याच्या बाईशी काय बोलावे हे त्याला सुचत नसावे. कालव्याच्या कडेने बराच वेळ ऊस होता, मग ऊस संपला आणि माळ लागला, भुईमूग उपटून झालेली रिकामी शेते लागली. चौपन्नाव्या वर्षी नोकरीसाठी परक्या गावी निघालेल्या बाईने थोडे घाबरायला हवे होते. मला मात्र शाळेच्या सहलीला निघाल्यासारखे वाटत होते.

हे जाऊन नऊ वर्षे झाली. शाळेतले माझे इंग्रजीचे वर्ग नव्या पदवीधर बाईंकडे गेले, तेव्हापासून भावाकडे एका खोलीत होते. या जागेची जाहिरात त्यानेच दाखवली. शेंगा फोडणाऱ्या बायकांवर देखरेख करील आणि इंग्रजीत चांगल्या अक्षरात लिहील अशी प्रौढ बाई हवी होती. लहानपणी मिशनच्या शाळेत सिस्टर उर्सुलांनी सात वर्षे माझ्या बोटांवर पट्टी मारली, ती कुणाच्या तरी उपयोगी पडली म्हणायची.

खोली शेडच्या टोकालाच आहे. पुढे ओसरी, दारात कडुलिंब. खिडकीत माझी चिनीमातीची दौत ठेवली आणि घर झाले.

७ नोव्हेंबर, गुरुवार

शेड केवढी मोठी आहे! चोवीस खणांची, अठरा हात उंच, वर पत्रे. साठ बायका चार रांगांत बसून शेंगा फोडतात. टरफलांची तांबूस धूळ सगळ्यांच्या केसांवर बसते, त्यामुळे दुपारपर्यंत सगळ्या एका वयाच्या दिसतात. त्यांची मुकादमीण प्रयागबाई. तिने मला पहिल्या दिवशी नीट निरखून घेतले आणि मग स्वतःच्या पाण्याच्या तांब्याशेजारी माझा तांब्या ठेवला. याचा अर्थ मान्यता, असे छबूबाईने मला नंतर सांगितले.

ही छबूबाई फार वात्रट. धुळीसाठी मी शेडमध्येही छत्री उघडून बसले, तर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “पत्र्याखाली छत्री? आमच्या पत्र्यावर भरोसा न्हाय व्हय, बाई?” साठ बायका हसल्या. मीही हसले आणि छत्री मिटली.

माझे दुसरे काम या पत्र्याचेच आहे. मुंबईच्या विमा कंपनीची अट अशी, की दर पंधरवड्याला छपराची तपासणी व्हावी आणि तिचा रिपोर्ट इंग्रजीत यावा. व्यवस्थापक देवस्थळे बारामतीच्या कचेरीत बसतात. ते म्हणाले, आधीच्या कारकुनाचे अक्षर पाहून मुंबईवाले चिडत असत. आता ती चिंता मिटली.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

आज पहिली तपासणी. कामाची रीत इतकी सुंदर आहे की सविस्तर लिहून ठेवते.

छपराचे सगळे काम महिपती करतो. कन्हेरीचा. पन्नाशीचा असेल, सडपातळ, मितभाषी. त्याचे वाडवडील कौले शाकारत, हा पत्रे सांभाळतो. हातात बाभळीची काठी घेऊन तो वर चढतो आणि पूर्वेकडून एकेक खण पाहत जातो. खण चांगला असेल तर काठीच्या बुंध्याने एक ठोका. काही बिघाड असेल तर दोन. खाली मेजाशी बसून मी रजिस्टरमध्ये खूण करत जायची. वरून ओरडलेले पत्र्याखाली कळत नाही, म्हणून ही पद्धत. त्याच्या बापापासूनची.

ठोके सुरू झाले की बायका काम थांबवतात. कुणी सांगत नाही. साठ जणी हात मांडीवर ठेवून बसतात आणि तो एकेक ठोका पत्र्यावरून पुढे सरकत जातो. देवळात आल्यासारखे वाटले. चोवीस खण, चोवीस ठोके. सगळे चांगले.

खाली उतरल्यावर मी त्याला विचारले, भीती वाटत नाही का? तो म्हणाला, खिळ्यांच्या रांगेवर पाय ठेवायचा, तिच्या खाली लाकूड असते, लाकूड माणसाला टाकत नाही.

३० नोव्हेंबर, शनिवार

आज एक गोष्ट केली. तशी क्षुल्लक आहे, पण मनाला लागून राहिली, म्हणून लिहिते.

टपालाचा माणूस दुपारी एक वाजता जातो. घाई होऊ नये म्हणून मी सकाळीच रिपोर्टची स्वच्छ प्रत करून ठेवली होती. गेल्या वेळी सगळे चांगले होते, या वेळीही असणार, म्हणून चोवीसही खणांपुढे ‘उत्तम’ लिहून टाकले. जाड कागद एवढा एकच उरला होता. पान इतके देखणे उतरले की ओल्या शाईवर वाळू टाकून किती वेळ नुसती पाहत बसले.

मग महिपती चढला. सतराव्या खणावर दोन ठोके पडले.

उतरल्यावर तो मेजाशी आला. म्हणाला, “पत्रा चांगला हाय, बाई. खालचं लाकूड वाळवीनं खाल्लंय. वरनं दिसत न्हाय, ठोकल्यावर कळतं. लिवलं न्हवं?”

मी मान हलवली. पानावर खाडाखोड करायची म्हणजे त्या ओळीवर काट मारून वर बारीक अक्षरात दुरुस्ती करायची. सिस्टर उर्सुला असे पान वर्गासमोर धरून दाखवत. चौपन्न वर्षांची बाई मी, आणि मला ते पान खरेच कुणीतरी उंच धरल्यासारखे दिसले. पुढच्या रिपोर्टमध्ये लिहू, पंधरा दिवसांनी काय बिघडते, असे म्हणून रजिस्टरमध्येही सतरापुढे ‘उत्तम’च लिहिले आणि लखोटा बंद केला.

६ डिसेंबर, शुक्रवार

महिपती पन्हळीतला पाला काढायला कधी येऊ हे विचारायला आला होता. जाता जाता थांबला. “सतराव्याला सुतार येऊन गेला का?”

मी म्हणाले, “झालं ते.”

का म्हणाले? नाही म्हटले असते तर का नाही, हे सांगावे लागले असते. त्याच्यासारख्या माणसासमोर लाज वाटली. त्याने समाधानाने मान हलवली आणि सोमवारी येतो म्हणाला. सुताराला निरोप आजच धाडायला हवा. सोपान आला की त्याच्याबरोबर धाडते.

९ डिसेंबर, सोमवार

महिपती गेला.

सकाळी दहाला चढला. पन्हळीकडे जाताना सतराव्या खणावरून गेला. मी मेजाशी होते. आधी लाकूड मोडल्याचा आवाज आला, कोरडा, शेंग फुटावी तसा, फक्त मोठा. मग ऊन आत आले. दोन रांगांच्या मधल्या फरशीवर तो पडला होता. तांबूस धूळ वर उडाली आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर बसत गेली. प्रयागबाईने त्याचे डोके मांडीवर घेतले. त्याने माझ्याकडे पाहिले. रागाने नाही. त्याला काहीतरी समजत नव्हते, तसे पाहिले.

सुताराचा निरोप मी धाडला नव्हता. शनिवारी सोपान आला नाही आणि रविवारी मला आठवण राहिली नाही.

११ डिसेंबर, बुधवार

पोलीस पाटील आणि देवस्थळे, दोघेही येऊन गेले. मला विचारले, महिपतीने काही बिघाड कळवला होता का? रजिस्टर समोर उघडे होते. सतरा, उत्तम. मी म्हणाले, नाही. बायकांना कुणी विचारलेच नाही.

मग कुणीतरी म्हणाले की प्यालेला असेल. देवस्थळे म्हणाले, शक्य आहे, हे लोक चढण्यापूर्वी घेतात. तो दारूच्या थेंबालाही शिवत नसे. उन्हात चढायच्या आधी तो गूळ खाऊन पाणी पीत असे, दर वेळी, माझ्या ओसरीवर बसून. मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याने तेही पंचनाम्यात लिहिले गेले.

आज भोकावर नवा पत्रा बसवला. बसवणारे दोघे बारामतीहून आले होते, घाईत होते. मोडलेल्या टोकाला पट्टी मारली, उरलेल्या त्याच लाकडात नवे खिळे ठोकले आणि गेले. खालून पाहिले तर तो खण सगळ्यांत नवा दिसतो. त्या लाकडात काय आहे, हे जिवंत माणसांत एका मलाच ठाऊक आहे.

१४ डिसेंबर, शनिवार

रिपोर्टचा दिवस. चढायला कुणी नाही. देवस्थळ्यांची चिठ्ठी आली की नवा पत्रा बसवल्याचे कळवून बाकी नेहमीप्रमाणे लिहावे. लिहिले. चोवीस उत्तम.

दुपारी बाराला पत्र्यावर टक्‌ असा आवाज झाला. उन्हाने पत्रा तापला की तडकतो, हे मी इथे आल्यापासून ऐकते आहे. मग दुसरा. तिसरा. एकसारख्या अंतराने, पूर्वेकडून. मी मोजू नये असे ठरवले आणि मोजत राहिले. सोळापर्यंत एकेक. सतराव्या जागी दोन. मग पुन्हा एकेक, चोवीसपर्यंत.

मान वर केली तर साठही जणींचे हात मांडीवर होते.

१६ डिसेंबर, सोमवार

पुन्हा. बारालाच. कडुलिंबाखाली जाऊन छपराकडे पाहत उभी राहिले. वर कावळाही नव्हता. ठोके मात्र चालले होते आणि प्रत्येक ठोक्याला त्या जागचा पत्रा किंचित दबत होता. उभे राहिलेले माणूस भार टाकते तसा.

आत आले. सतरावर दोन पडले. कुणी हलले नाही. प्रयागबाई माझ्याकडे न बघता म्हणाली, “बाई, लिवून घ्या की.”

मी टाक उचलला. बुडवला. लिहिले नाही.

नंतर मी त्या खणाखालच्या बायकांना रांग सोडून भिंतीकडे बसायला सांगितले. कारण विचारले तर म्हणाले, उजेड चांगला आहे. नकोशी नावाची मुकी पोर आहे, तिने वर बोट दाखवले आणि मग माझ्याकडे.

१९ डिसेंबर, गुरुवार. बारामती

सांगून टाकायचे ठरवून आले. दमणीत वाटभर वाक्य घोकत होते. “महिपतीने मला सांगितले होते आणि मी लिहिले नाही.” एवढेच. आठ शब्दांचे वाक्य शाळेतली पोरही पाठ म्हणते.

बाजाराचा दिवस, रस्त्यात पाय ठेवायला जागा नव्हती. देवस्थळ्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला. माझ्या अक्षराबद्दल मुंबईहून खास शाबासकी आली आहे म्हणाले. मी तोंड उघडले आणि डोक्यावरच्या कौलांवर ठोका पडला.

ती कचेरी पाच खणांची आहे, मी मोजले. ठोके सतरापर्यंत गेले. मग दोन. देवस्थळे बशीत चहा ओतत होते. त्यांना काही ऐकू आले नाही. त्यांनी विचारले, काही बोलायचे होते का? मी म्हणाले, शाई संपली आहे.

शाईच्या दोन बाटल्या मांडीवर घेऊन धर्मशाळेत बसले आहे.

२० डिसेंबर, शुक्रवार

परतताना माळावर, जिथे झाड म्हणून नाही, डोक्यावर फक्त आभाळ आणि माझी छत्री. दोन ठोके पडले. छत्रीच्या कापडावर, बुंध्याने मारल्यासारखे. काडी वाकली. आधीचे सोळा नाहीत, नंतरचे सात नाहीत. नुसते दोन.

सोपानने मागे वळून विचारले, फांदी लागली का? मग आजूबाजूला पाहिले आणि तोंड फिरवून बैलांशी बोलू लागला. मोठ्याने, थांबताच येत नसल्यासारखा.

३१ डिसेंबर, मंगळवार

शाळेत ख्रिस्ती मुली शनिवारी लाकडी खोक्यात जाऊन गुडघे टेकत आणि जाळीतून पाद्रीबाबांच्या कानाशी काहीतरी कुजबुजत. बाहेर येताना त्यांचे चेहरे धुतल्यासारखे असत. मी ब्राह्मणाची मुलगी बाहेर बाकावर बसून त्यांचा हेवा करत असे. माझ्याकडे सांगायला होते तरी काय तेव्हा? चोरून खाल्लेले पेरू.

आज मी तसे केले. रिपोर्टमध्ये सगळे लिहिले. तीस नोव्हेंबरला महिपतीने सतरावा खण खराब असल्याचे सांगितले, मी ते लिहिले नाही, दुरुस्त झाल्याचे त्याला खोटेच सांगितले, तो शुद्धीत होता, लाकूड अजूनही तेच आहे. इंग्रजीत, दोन पाने. लखोटा सकाळीच टपालवाल्याच्या पिशवीत पडला तेव्हा पाय हलके झाले.

बाराला ठोके पडले नाहीत. बायकांनी हात थांबवून वाट पाहिली, मग पुन्हा शेंगा फोडू लागल्या. रात्री दोन भाकऱ्या खाल्ल्या, कितीतरी दिवसांनी.

७ जानेवारी १९३६, मंगळवार

मुंबईचे उत्तर आले. तीन ओळी. रिपोर्ट पोहोचला, आभारी आहोत, दप्तरी ठेवला आहे. असे स्वच्छ, सुवाच्य रिपोर्ट इतर शाखांनी आदर्श म्हणून पाहावेत.

कुणी वाचलेच नाही. नुसते पाहिले.

आणि वाचले असते तरी काय? हे सत्य मी ज्या भाषेत सांगितले ती कळसमध्ये एकट्या मला येते. ज्यांना सांगायचे त्या साठ जणी माझ्यापासून दहा हातांवर बसल्या होत्या.

बाराला ठोके पडले.

९ जानेवारी, गुरुवार

महिपतीची बायको आली. सारजा. देवस्थळ्यांनी तिला नवऱ्याच्या जागी घेतले आहे. लग्नापासून त्याच्याबरोबर शाकारणीला चढत आली, काम येते. पंधरा तारखेला पहिली तपासणी तीच करणार.

त्याची काठी घेऊन आली होती. ओसरीवर बसली, तो बसे त्याच जागी. पाणी दिले ते प्याली. मग म्हणाली की कन्हेरीत लोक म्हणतात पिऊन चढला, तिच्या सासूच्या तोंडावर म्हणतात, म्हातारीने दाराबाहेर पडणे सोडले आहे. “तुमी बघत होतात त्यांना. तुमी सांगा, बाई.”

मी म्हणाले, प्यालेला नव्हता. तिने डोळे पुसले. मला वाटते, तिला पुढचे ऐकायचे होते. मी चहाचे आधण ठेवायला आत गेले आणि आतच राहिले.

१२ जानेवारी, रविवार

आता बाराची वेळ राहिली नाही. सकाळी, दुपारी. चोवीस नाहीत. सतराही नाहीत. दोनच, मी जिथे असेन तिथे वर. जेवायला बसले तर तुळईवर. विहिरीवर गेले तर रहाटाच्या लाकडावर. केस विंचरताना —

डोक्यावर नव्हते ते. डोक्यातही नव्हते. कवटीच्या हाडावर बुंधा टेकवून पाहावे, आत पोकळ आहे का, तसे.

तो सूड घेत नाही. तो असा माणूसच नव्हता. तो तपासतो आहे आणि जे सापडले ते कळवतो आहे. मी लिहीपर्यंत कळवत राहील.

१३ जानेवारी, सोमवार

सारजेला सांगायला शेडमागच्या तिच्या खोपटापर्यंत गेले. ती शिडीला नवे काथ्याचे बंद बांधत होती. मी विचारले, शिडी पुरेशी लांब आहे का. परत आले.

परवा ती सतराव्यावर पाय ठेवील. खिळ्यांच्या रांगेवरच ठेवील. तिला तसेच शिकवले आहे.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

बायकांनी शेडमध्येच हळदीकुंकू केले. सारजा आणि मी विधवा, म्हणून बाजूला, पोत्यांवर शेजारी शेजारी बसलो. प्रयागबाईने कुंकवाचा करंडा आमच्यासमोरून पुढे नेला, पण परत येऊन दोघींच्या हातावर तीळगूळ ठेवला. सारजेने आपला अर्धा मला दिला.

तिचा खांदा माझ्या खांद्याला लागला होता. याहून जवळ कुणी कुणाच्या बसत नाही. तोंडात तिचाच तीळ. मी तो चावत राहिले.

आमच्या दोघींच्या वर ठोके पडले. तिने वर पाहिले. मग बराच वेळ माझ्याकडे.

१५ जानेवारी, बुधवार. सकाळ

प्रयागबाई म्हणते आज करीदिन, आज कुणी चढू नये, उद्या करू. सारजा म्हणाली, तारीख मुंबईची आहे, करीदिन मुंबईला कळत नाही.

मी म्हणाले असते — उद्या. फक्त मान हलवायची होती. पण उद्याही तोच खण.

शिडी लावली.

अकरा वाजता

सांगितले.

ती तिसऱ्या पायरीवर होती. मी थांब म्हणाले, आवाज कसला तरीच आला. साठ जणींसमोर, मराठीत. त्याने दोन ठोकले. मी एक लिहिला. पान खराब होऊ नये म्हणून. सुतार येऊन गेला असे मी त्याला सांगितले, म्हणून त्याने पाय ठेवला. तो शुद्धीत होता. लाकूड अजून तेच आहे.

कुणी ओरडले नाही. शिवी दिली असती तर बरे झाले असते. छबूबाईने तोंडाला पदर लावला. प्रयागबाईने माझा तांब्या आपल्या तांब्याशेजारून उचलला आणि लांब नेऊन ठेवला.

सारजा खाली उतरली. माझ्यासमोर उभी राहिली. काठी पुढे केली.

“तर मग तुमी वर चला. लाकूड कुठवर खाल्लंय ते तुमी ठोकून सांगा. मी खाली बसून ऐकते.”

नाही म्हणायला माझ्याकडे काय उरले आहे?

साडेअकरा

बायका सगळ्या बाहेर, कडुलिंबाखाली. आत एकटी सारजा, दारालगतच्या माझ्या मेजाशी, माझ्या खुर्चीत. तिला लिहिता येत नाही. लिहायचेही मीच. रजिस्टर खाली ठेवले आहे, ही वही आणि पेन्सिल कमरेला खोचली आहे. कासोटा घट्ट घातला. सारजेने स्वतः शिडी धरली. म्हणाली, पाय खिळ्यांच्या रांगेवरच ठेवा. ते पण तसेच ठेवायचे.

बारा. वर

हात भाजतो. बसून बसून सरकते आहे. कुठवर दिसते आहे — कालवा, ऊस, बारामतीकडचा रस्ता. तो हे दर वेळी पाहत असणार. कधी बोलला नाही. मी विचारलेच नाही.

एक. चांगला. एक ठोका. खालून सारजेची “व्हय” आली. बारीक, पण आली.

दोन. एक.

पाच. एक.

नऊ. एक. ठोकण्यापूर्वी पुढच्या खणावर पत्रा दबतो. मग सुटतो. तो पुढे चालला आहे. वाट दाखवतो आहे की — माहीत नाही. पाय त्याच जागी ठेवते.

तेरा. एक. “व्हय.”

सोळा. एक. या वेळी “व्हय” आली नाही. पुन्हा ठोकले. सारजा उत्तर देत नाही. कडुलिंबाखालच्या बायका उभ्या राहिल्या आहेत. सगळ्यांचे हात खाली, स्थिर. नकोशी बोट दाखवते आहे, माझ्याकडे नाही, माझ्या —

सतरा. नवा पत्रा. उन्हाने डोळे मिटतात. पाय ठेवला. खिळ्यांच्या रांगेवर. लाकूड आहे. नाही. आहे.

इथे दोन ठोकायचे. तेवढेच माझ्याकडून राहिले आहे. तेवढे ठोकले की झाले.

पहिला ठोकला.

काठी उचलली. दुसरा मी ठोकायच्या आधीच पडला, पत्र्याच्या खालच्या बाजूने, बरोबर माझ्या पायाखाली —